बांबूचे धनुष्य आणि अंगठ्याचे ऋण

जमशेदपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे कुटुंब मूळचे सातारकडचे; पण दोन पिढ्या पोलादाच्या त्या नगरीतच गेल्या. त्यांच्या अकरा वर्षांच्या चिरंजिवांनी तिरंदाजीचे सामने पाहिले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. धनुष्याच्या किमतीची चौकशी केली तेव्हा आईवडील चपापले. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : "आमच्याकडे बागेची कामे करावयास येणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. ते संथाळ आहेत. मुलाचा ध्यास पाहून ते म्हणाले, मी गावाहून बांबूचे धनुष्य आणून देतो. पण ते आदिवासींचे साधेसुधे धनुष्य. त्यावर शिकून खऱ्या विद्येत मुलगा पुढे जाईल का? की त्याला उगाच खेळणे दिल्यासारखे होईल?"

वाचकहो, प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर सर्वांच्या उपयोगाचे आहे. म्हणून ते या सदरातून देतो.

प्रथम "साधेसुधे" या शब्दाविषयी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या अध्यक्षाचे जे प्रकरण आहे, त्यात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग यांच्या धनुष्यांची गणना केली आहे. दोरी कशाची असावी तेही तेथे सांगितले आहे : मूर्वा, रुई, ताग, स्नायू आणि वेळू. होय, वेळूचीही दोरी! शहरात वाढलेल्या मनुष्यास हे वाचून नवल वाटेल. बांबू तो ताठ, त्याची दोरी कशी व्हावी? पण सातपुड्यातील भिल्ल, छोटा नागपूरच्या पठारावरील संथाळ आणि मेघालयातील खासी यांच्यात बांबूच्या सालीची पातळ चिरफळी काढून तीच धनुष्यास दोरी म्हणून लावण्याची रीत आहे. ज्या विद्येची नोंद दोन हजार वर्षांमागच्या ग्रंथात सापडते, ती राजांच्या शस्त्रागारांतून केव्हाच नाहीशी झाली. टिकली ती डोंगरातल्या झोपडीत. ती साधी खरी, परंतु क्षुद्र नव्हे.

खासी कुटुंबात मुलाच्या नामकरणाच्या विधीत धनुष्य आणि तीन बाण मांडीत. संथाळ गावांत पौषातील संक्रांतीच्या सणाला बेझा नावाचा नेमबाजीचा खेळ होतो. मोकळ्या जागी केळीचा खुंट रोवतात आणि गावातले पुरुष दुरून त्यावर नेम धरतात. आपण तिकडे तिळगूळ वाटीत असतो तेव्हा देशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बाण केळीच्या खुंटात रुतत असतात. सण एक, रीत निराळी. हेच धनुष्य 1855 साली सिदो आणि कान्हू यांच्या मागे उभ्या राहिलेल्या संथाळांच्या हाती होते, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी सातपुड्यात इंग्रजांशी लढणाऱ्या भिल्लांच्याही हाती होते. बंदुकीपुढे ते टिकले नाही. पण ते धरणाऱ्या हातांना कोणी भित्रे म्हटले नाही.

आता "खऱ्या विद्येत पुढे जाईल का?" या शंकेविषयी. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या एका आदिवासी घरचा मुलगा, लिंबा राम, लहानपणी बांबूच्याच धनुष्याने रानात नेम धरीत असे. 1987 साली शासनाच्या क्रीडा प्राधिकरणाने दुर्गम भागांत गुणी मुलांचा शोध घेतला, त्यात तो निवडला गेला. पुढच्याच वर्षी सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून उतरला आणि 1992 साली बीजिंग येथील स्पर्धेत त्याने जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. रांचीजवळच्या दीपिका कुमारीचे वडील ऑटोरिक्षा चालवीत. दगडांनी आंबे पाडता पाडता तिचा नेम बसला आणि तिचा पहिला सराव झाला तो घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यबाणांवर. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्णपदके मिळविली. आमच्या पत्रलेखिका ज्या नगरीत राहतात, तेथील अकादमीतच तिचे पुढील शिक्षण झाले. शिवाय आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत "इंडियन राऊंड" नावाचा एक वेगळा विभाग आहे; त्यात लाकडाबांबूचेच धनुष्य वापरतात. तेव्हा, भगिनी, खेळणे म्हणून नव्हे, पहिली इयत्ता म्हणून या धनुष्याकडे पाहावे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. बांबूच्या धनुष्यावरून ऑलिंपिकच्या धनुष्याकडे जाण्याची वाट सोपी नाही. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या त्या यंत्रवजा धनुष्याची किंमत, इतर साहित्यासह, लाखांच्या घरात जाते. ते ओढण्याची रीतही काहीशी वेगळी. अनेक गुणी मुले त्या उंबरठ्यावरच थबकतात. म्हणून पदकाच्या आशेने मुलाच्या हाती धनुष्य देऊ नये. उभे कसे राहावे, श्वास कसा सांभाळावा, बाण सोडताना मन कसे स्थिर ठेवावे, एवढे ते शिकवील. आणि ते ज्याने स्वतः घडविले त्याला आणखी एक गोष्ट शिकवील, जी विकतच्या धनुष्यात मिळत नाही. ती कोणती, ते आता पाहू.

धनुष्य करण्याची विद्या म्हणजे काढून टाकण्याची विद्या. इतर वस्तू आपण जोडून जोडून घडवितो. धनुष्य मात्र बांबूच्या आत असतेच. नको तेवढा भाग काढावयाचा असतो. पण काढलेले परत जोडता येत नाही. सारी मेख येथे आहे.

बांबू निवडावा तो जाड भिंतीचा. आपल्याकडे ज्याला मानवेल म्हणतात, तो जवळजवळ भरीव बांबू या कामास उत्तम. वय तीन वर्षांहून कमी नसावे. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो आणि त्याला जीव नसतो. पावसाळा संपून थंडी पडल्यावर तोडलेल्या बांबूस कीड कमी लागते. तो सावलीत दोनतीन महिने वाळू द्यावा. उन्हात टाकल्यास चिरा पडतात.

धनुष्याची लांबी साधारणपणे नेमबाजाच्या उंचीएवढी ठेवावी. बांबू उभा चिरून एक सरळ फाळका घ्यावा. पेरी मध्यापासून दोन्हीकडे शक्य तितकी सारख्या अंतरावर येतील असे मोजून मगच टोके कापावीत. मध्यभागी, जेथे मूठ धरावयाची, तेथे रुंदी चार सेंटिमीटर असावी आणि ती दोन्ही टोकांकडे उतरत दीड सेंटिमीटरपर्यंत आणावी.

आता पहिला नियम. बांबूची बाहेरची गुळगुळीत साल म्हणजे त्याचे सारे बळ. धनुष्य ओढले की नेमबाजापासून दूर असलेली पाठ ताणली जाते आणि त्याच्याकडचे पोट दाबले जाते. नवशिक्याने साल पाठीकडे ठेवावी आणि तिला कोयत्याचा ओरखडाही लागू देऊ नये. पेरांवरचा उंचवटा तासून सपाट करण्याचा मोह होतो, तो आवरावा. साल जेथे कापली जाते, तेथूनच धनुष्य एके दिवशी मोडते. जे तासावयाचे ते आतल्या बाजूने. प्रथम कोयता, मग सुरी आणि शेवटी काचेचा तुकडा, असा क्रम ठेवावा. काचेच्या धारेने केसाएवढा पातळ कीस निघतो. मात्र ते काम वडील माणसानेच हातास जाड फडके गुंडाळून करावे.

दुसरा नियम, आणि खरी कसोटी : दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत. एक टोक जमिनीवर टेकवून मध्यावर हळूच दाब द्यावा आणि वाक पाहावा. मग दुसरे टोक. जो भाग ताठ दिसेल त्यावर कोळशाची खूण करावी आणि तेवढाच भाग खरवडावा. जो भाग आधीच जास्त वाकतो, त्याला हात लावू नये. दहापाच वेळा खरवडले की धनुष्य वीसपंचवीस वेळा थोडे थोडे वाकवावे, म्हणजे तंतूंना सवय होते. आणि मग पुन्हा पाहावे. वाक पुरेसा दिसू लागला म्हणजे टोकांपासून दोन सेंटिमीटरवर, केवळ कडांना, दोरीसाठी खाचा पाडाव्यात. सैल दोरी लावून धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर आडवे टेकवावे, दोरी खाली ओढावी आणि चार पावले मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने पाहावे. ओढणाऱ्याला स्वतःला वाक दिसत नाही. म्हणून हे काम एकट्याचे नव्हे, घराचे आहे. आईची नजर येथे बहुधा बापाच्या नजरेपेक्षा खरी ठरते. पोळीची गोलाई न मोजता ओळखणारे डोळे ते!

माझी पहिली दोन धनुष्ये मोडली. दोन्ही वेळा चूक एकच. एक बाहू ताठ होता म्हणून मी तो खरवडला, घाईत जास्त खरवडला, मग दुसरा ताठ वाटू लागला, तोही खरवडला. असे करता करता धनुष्य पोराच्या छडीएवढे दुबळे झाले, आणि तरी मी ते पूर्ण ओढले. तिसरे धनुष्य अर्धवट अवस्थेत घेऊन मी चाईबासाच्या बाजूच्या एका आठवडे बाजारात गेलो होतो. तेथे बाण विकावयास बसलेल्या एका म्हाताऱ्याने ते माझ्या हातून घेतले. डोळे मिटून त्याने बोटांची टोके आतल्या बाजूवरून एकदा फिरविली आणि एका जागी थांबून अंगठा दाबला. "येथे," तो म्हणाला. मी सुरी काढली. त्याने माझा हात धरला आणि हसून म्हटले, "आज नाही. घरी जा. उद्या पुन्हा हात फिरवून पाहा, मग काढा." त्याने पैसे घेतले नाहीत. ते धनुष्य आजही माझ्याकडे आहे.

वाक जुळला म्हणजे निखाऱ्यांवर, ज्वाळेपासून दूर धरून, आतली बाजू हळूहळू शेकावी. ओल जाते आणि बांबू कणखर होतो. नंतर जवसाचे तेल चोळावे. खाचांपाशी घट्ट दोरा गुंडाळावा. दोरी तागाची किंवा सणाची, तीन पदरी पिळाची, मेण चोळलेली असावी. बांबूच्या सालीची दोरी सवयीच्या हातांनीच करावी. दोरी चढविल्यावर धनुष्यापासून तिचे अंतर किती असावे? मूठ मिटून धनुष्याच्या मध्यावर ठेवावी आणि अंगठा उभा करावा. अंगठ्याचे टोक जेथे येईल तेथे दोरी. सुमारे पंधरा सेंटिमीटर होते.

दहाबारा वर्षांच्या मुलास सहा ते आठ किलोहून अधिक ओढ नको. ती मोजण्याची घरगुती युक्ती अशी : धनुष्य मध्यावर टांगून दोरीस दोन विटा बांधाव्यात. त्या वजनाने दोरी मुलाच्या ओढीएवढी, म्हणजे पन्नास सेंटिमीटरच्या आसपास खाली आली की काम झाले. तासणे तेथेच थांबवावे. बाण सरळ बोरूचे किंवा बांबूच्या काडीचे, ओढीपेक्षा चार बोटे लांब असावेत. मागे कोंबडीची गळालेली तीन पिसे बांधावी आणि पुढे टोकास चिंधी गुंडाळून ते बोथट करावे. लोखंडी टोकाचा बाण मुलाच्या हाती देऊ नये.

आणि चार शिस्ती, ज्यांत सवलत नाही. बाण लावलेले धनुष्य माणसाकडे किंवा जनावराकडे, थट्टेनेही, रोखू नये. रानातल्या पशुपक्ष्यांची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, आणि कायदा नसता तरी मुलास आपण तेच शिकविले असते. बाण आकाशाकडे सोडू नये. लक्ष्याच्या मागे भिंत किंवा मातीचा उंचवटा असावा. गोणपाटात चिंध्या ठासून केलेले लक्ष्य दहा पावलांवर पुरे, आणि केळीचा खुंट मिळाला तर मग काय पाहिजे! चौथी शिस्त धनुष्याच्या हितासाठी : बाणावाचून दोरी ओढून सोडू नये, कारण तो सारा धक्का धनुष्याच्याच अंगी जिरतो, आणि खेळ संपताच दोरी उतरून ठेवावी. सदा ताणलेले धनुष्य लवकर थकते. हे सुभाषित नव्हे, अनुभवाची गोष्ट आहे. पण आपण आपल्यापुरते त्याचे सुभाषित करण्यास हरकत नाही. दर वेळी खेळापूर्वी पाठीवरून बोट फिरवून चीर पडली नाही ना, तेही पाहावे.

आता मूळ प्रश्नातली एक बाब उरली, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची.

1911 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात ऑरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा मनुष्य आढळला. याही नावाच्या मूळ रहिवासी जमातीचा तो शेवटचा पुरुष होता. बाकीचे सारे गोऱ्या वसाहतकारांच्या हाती मारले गेले, किंवा रोगराईने आणि उपासमारीने संपले होते. त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही. त्याला "इशी" म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ केवळ "माणूस". सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला. तेथील शल्यविशारद डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे मित्र झाले, आणि शिष्यही झाले. लाकूड कसे निवडावे, धनुष्य कसे खरवडावे, बाण कसा सरळ करावा, हे त्या विद्वान डॉक्टरांनी त्याच्याजवळ बसून शिकून घेतले. 1916 साली इशी क्षयाने वारला. पुढे 1923 साली पोप यांनी या विद्येवर ग्रंथ लिहिला, आणि अमेरिकेत लाकडी धनुष्याची आवड पुन्हा जागी झाली ती बरीचशी त्या शिष्यत्वामुळे. एका समाजाचा नाश झाला आणि शेवटच्या पाच वर्षांत, शेवटच्या मनुष्याकडून, त्याच्या विद्येचा एक धागा कसाबसा हाती लागला.

आपल्या देशात तशी वेळ आलेली नाही. ही विद्या जाणणारे शेवटचे एक नव्हेत, कित्येक आहेत. पण त्यांची मुले कारखान्यात आणि शहरात जात आहेत, तेथे तिला कोणी विचारीत नाही. आणि ज्या विद्येला कोणी विचारीत नाही, ती घरातल्या मुलालाही शिकावीशी वाटत नाही. नाश नेहमी तलवारीनेच होतो असे नाही. "हे आपले साधेसुधे" असे चारचौघांत म्हटले गेले, तरी तो होऊ शकतो.

महाभारतातील एकलव्याची कथा आपण मुलांना गुरुभक्तीची कथा म्हणून सांगतो. निषादाचा मुलगा विद्येसाठी आला. त्याला दारातून परत पाठविले. त्याने ती स्वतः मिळविली, तेव्हा तिचे मोल म्हणून त्याचा अंगठा मागितला गेला. कथा सांगताना आपला गळा दाटतो. पण त्या अंगठ्याचे ऋण कोणाकडे राहिले, हा प्रश्न मूल विचारते तेव्हा आपण विषय बदलतो. ते ऋण फेडण्याची संधी वारंवार येत नाही. जमशेदपूरच्या त्या घरी ती आपण होऊन आली आहे.

म्हणून, भगिनी, माझे सांगणे एवढेच. त्या वृद्ध गृहस्थांना धनुष्य आणून देऊ नका असे सांगा. बांबू आणा, आणि आमच्या मुलाला शिकवा, अशी विनंती करा. रविवारी सकाळी, बागेचे काम नसेल तेव्हा, त्यांना पाहुणे म्हणून बोलवा. अंगणात सतरंजी घाला. ते बसतील तेथेच मुलाला बसवा. चहा त्यांना तुम्ही घेता त्याच पेल्यांतून द्या. वेळेचा योग्य मोबदला संकोच न करता ठरवा. गुरुदक्षिणा उधार ठेवण्याची चाल आपण पुष्कळ वर्षे चालविली. मुलाला त्यांना नावाने हाक मारू देऊ नका. आजोबा म्हणू द्या. पहिले धनुष्य मोडले तर मुलाला रडू द्या, पण नवे विकत आणू नका. आजोबा दुसरा बांबू काढतील.

आणि ज्या दिवशी धनुष्यास दोरी चढेल, त्या दिवशी मुलाची मूठ मध्यावर ठेवून अंगठा उभा करावयास सांगा. तो अंगठा दोरीला टेकला की त्याला एकलव्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगा. या वेळी शेवटपर्यंत, आणि गुरुजी शेजारी बसलेले असताना.